नाकासाठी झरोका, डोळ्यांसाठी भिंत

मुलांनो, आधी घोड्याबद्दल एक गंमत सांगते. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. सर्दीने आपलं नाक चोंदलं की आपण तोंड उघडतो आणि वेळ निभावून नेतो. घोड्याला ती सोयच नाही. त्याच्या घशाची रचना अशी आहे, की हवा फक्त नाकातून फुप्फुसात जाते. म्हणून तर भरधाव दौडणाऱ्या घोड्याच्या नाकपुड्या एवढ्या फुगलेल्या दिसतात. त्याचा सगळा जीव त्या दोन भोकांवर अवलंबून असतो.

हे लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत चला.

तिथे जुन्या उमरावांचे, म्हणजे ड्यूक, अर्ल अशा पदव्या मिरवणाऱ्या घराण्यांचे मोठमोठे वाडे आहेत. एकेका वाड्याभोवती हजारो एकर जमीन, तळी, रानं, हरणांची कुरणं. बघायला आलेले लोक झुंबरं आणि तसबिरी पाहत दिवाणखान्यात रेंगाळतात. पण मला विचाराल, तर वाड्यापासून जरा बाजूला एक इमारत असते ना, ती आधी बघायची. तिला दगडी कमानी असतात, मधोमध चौक असतो, वर घड्याळाचा मनोरा असतो. एखादा नवखा पाहुणा तिलाच वाडा समजून आत शिरेल. ती असते घोड्यांची पागा.

डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाचा वाडा आहे. तिथली पागा जेम्स पेन या वास्तुरचनाकाराने १७६० च्या सुमारास उभारली. तिच्यात ८० घोड्यांची सोय होती. एका कुटुंबाला ८० घोडे कशाला हवेत? तर तेव्हा मोटार नव्हती आणि आगगाडीही नव्हती. लंडनला जायचं तर बग्गी जुंपायची. शिकारीला जायचं तर वेगळे, चपळ घोडे. सामान ओढायला दणकट घोडे, मुलांना बसायला बुटकी तट्टं. त्यांच्या दिमतीला मोतद्दार, गाडीवान, नालबंद आणि हाताखालची पोरं असत. ही पोरं बहुतेकदा घोड्यांच्या डोक्यावरच, माळ्यावरच्या खोल्यांत झोपायची.

चला, आता अशाच एखाद्या जुन्या पागेत शिरू. दारातच थांबा आणि चौकटीकडे नीट बघा. काही ठिकाणी चौकटीच्या दोन्ही बाजूंना उभे, गोल फिरणारे लाकडी रूळ बसवलेले दिसतील. घोडा दारातून घाईने आत घुसला आणि त्याचा पुठ्ठा चौकटीला घासला, तर तो सोलवटून निघायचा. रूळ असला की घासण्याऐवजी रूळच फिरतो आणि घोडा अलगद आत सरकतो.

आता खाली बघा. फरशीला मुद्दाम उतार दिलाय आणि विटांवर खाचा पाडल्यात. नाल मारलेले खूर ओल्या, गुळगुळीत जमिनीवर सटकतात. पाचशे किलोचं जनावर पाय घसरून पडलं तर काय होईल, विचार करा. खाचांमुळे खुरांना पकड मिळते आणि उतारामुळे मूत वाहून नाल्यात जातं. घोडा दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो, त्यामुळे मूतही काही थोडंथोडकं नसतं.

आता घोडा बांधतात तिथे या. दोरी गव्हाणीला गाठ मारून बांधलेली नाही. गव्हाणीच्या कडेला एक लोखंडी कडं आहे. दोरी त्यातून खाली गेलीय आणि तिच्या टोकाला लाकडाचा जड गोळा लोंबतोय. घोडा पुढे आला की गोळा खाली उतरतो, मागे सरला की वर चढतो. दोरी सतत ताणलेली राहते आणि घोड्याला मान हलवायला, बसायला, उठायला मोकळीक मिळते. सैल दोरीत पाय अडकला की घोडा बिथरतो आणि झटापटीत स्वतःचा पाय मोडून घेतो. ते सगळं टाळायला एक गोळा आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण पुरलं! मला या पागांमधली ही सगळ्यात देखणी वस्तू वाटते, कोरीव कमानींहूनही देखणी.

‘बसायला’ म्हटलं, तर तुमच्यातलं कुणीतरी लगेच विचारेल, घोडा तर उभ्याउभ्याच झोपतो ना? हो, डुलकी उभ्याने काढतो. त्याच्या पायांत स्नायुबंधांची अशी जोडणी असते की गुडघा अडकून राहतो आणि फारसे कष्ट न करता तो उभा राहू शकतो. पण गाढ झोपेसाठी, जिच्यात आपल्याला स्वप्नं पडतात तशा झोपेसाठी, त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज थोडाच वेळ, पण लागतंच. म्हणून खाली गवताच्या काड्यांचा जाड थर अंथरायचा.

आणि आता नाकाची गोष्ट. घोड्याच्या मुतात युरिया असतो. फरशीवरचे जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. अस्वच्छ तबेल्यात शिरलं की नाकाला झोंबतो आणि डोळ्यांत पाणी आणतो, तोच हा वायू. तो जमिनीपाशी तयार होतो आणि आडवा झालेला घोडा नाक जमिनीपाशीच ठेवून झोपतो. त्यात वाळलेल्या गवताची धूळ आणि बुरशी मिसळली की घोड्याला खोकला लागतो, धाप लागते. तोंडाने श्वास घेण्याचा पर्याय तर नाहीच.

पूर्वी अनेक मोतद्दारांची समजूत अशी होती, की दारं-खिडक्या गच्च बंद ठेवून पागा उबदार राखली की घोड्याचे केस तुकतुकीत होतात. केस तुकतुकीत होत असतीलही, पण घोडे आजारी पडायचे. १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. जनावरांचे डॉक्टर शिकून तयार होऊ लागले आणि त्यांनी धोशा लावला, हवा खेळू द्या. ती कशी खेळते, हे तुम्हाला शाळेत शिकवलेलंच आहे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. घोड्यांच्या अंगाची ऊब हवा तापवते. छपरावर झडपांचा छोटा मनोरा ठेवला की ती कोंदट हवा तिथून बाहेर पडते आणि खालच्या झरोक्यांतून ताजी हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. घोड्यांच्या अंगाची ऊबच त्यांची खोली स्वच्छ ठेवते.

चाऱ्याचंही तसंच झालं. गवत माळ्यावर साठवायचं आणि भोकातून खाली, घोड्याच्या डोक्याच्या उंचीवरच्या जाळीत टाकायचं, ही जुनी पद्धत. माणसाला सोपी, घोड्याला त्रासाची. वरून पडणारी धूळ आणि कुसळं थेट डोळ्यांत आणि नाकात जायची. शिवाय कोंदट हवा वर चढून गवतालाही वास लागायचा. मोकळ्या रानात घोडा मान खाली घालून चरतो आणि मान खाली असली की नाकातली घाण आपोआप बाहेर वाहून येते. हे उमगल्यावर चारा खाली ठेवायला सुरुवात झाली. मोठ्या माणसांनी, मोठ्या वाड्यांत, पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली गोष्टही घोड्याकडे नीट बघितल्यावर बदलावी लागली.

मनोऱ्यावर घड्याळ का, असं विचारलंत? मालकांची बग्गी ठरल्या वेळी दारात उभी करायची जबाबदारी पागेची. मोतद्दारांकडे स्वतःची घड्याळं कुठून असणार? म्हणून पागेच्या मनोऱ्यावर घड्याळ आणि घंटा. टोले बागेत आणि शेतातही ऐकू जायचे, सगळ्यांचंच काम व्हायचं.

पागा झाली घोड्यांचं घर. पण घोड्यांची शाळासुद्धा असायची! आणि ती तर भलतीच भारी.

डर्बीशायरमध्येच एका टेकडीवर बोल्सोव्हर नावाचा किल्ला आहे. विल्यम कॅव्हेंडिश नावाच्या उमरावाने तिथे १६३० च्या दशकात घोडेस्वारी शिकण्या-शिकवण्यासाठी एक लांबलचक दालन बांधलं. शेजारी नालबंदाची भट्टी आणि पाहुण्यांना वरून बघायला सज्जा. इंग्लंडमध्ये आजवर टिकून राहिलेल्या अशा दालनांपैकी हे सगळ्यात जुन्यांतलं एक. कॅव्हेंडिश घोड्यांसाठी अक्षरशः वेडे होते. इथे घोड्यांना नुसतं धावायला शिकवत नसत. जागच्या जागी दुडक्या चालीने नाचायचं, पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर तोल सांभाळायचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हवेत उडी मारून, हवेतच मागचे पाय झाडायचे! या उडीला कॅप्रिओल म्हणतात. पाठीवर स्वार बसलेला असताना असं उडायचं, म्हणून छप्पर भरपूर उंच हवं.

आता या दालनाच्या खिडक्या बघा. त्या उंचावर आहेत, घोड्याला बाहेरचं काही दिसणार नाही इतक्या उंच. का बरं? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, जवळपास ३५० अंश. फक्त नाकासमोरचा आणि शेपटीमागचा छोटासा भाग दिसत नाही. रानात लांडग्यांपासून जीव वाचवायला हे डोळे फार उपयोगाचे. पण वर्गात? बाहेर कापड फडफडलं, कुत्रं पळालं, की घोडा दचकलाच. उंच खिडक्यांतून उजेड येतो, पण बाहेरची गडबड आत येत नाही. शिवाय बाहेर पाऊस, चिखल, बर्फ काहीही असो, आतली जमीन कोरडी राहते.

आणि सगळ्यात मोठं कोडं छपराचं. उधळलेला घोडा खांबावर आदळू नये, म्हणून मधे एकही खांब चालत नाही. मग एवढं जड छप्पर पेलायचं कशाने? हे घरी करून बघा. आइस्क्रीमच्या चार काड्या टोकांना टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला. चौकोन लगेच कलंडतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. काडी मोडेल, पण त्रिकोण आकार सोडणार नाही. कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकारही ठरून जातो. छपराच्या दोन तिरक्या वाशांना भिंती बाहेर ढकलायच्या असतात. खालची आडवी तुळई त्या दोघांना धरून ठेवते. आपले सुतार अशा जोडणीला कैची म्हणतात. बोल्सोव्हरला वर मान करून पाहिलं की ओक लाकडाच्या अशा कैच्यांची रांगच्या रांग दिसते.

१६३४ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि राणी बोल्सोव्हरला पाहुणे म्हणून आले, तेव्हा कॅव्हेंडिशनी नाटक, मेजवानी असा थाट केला. त्यापायी चौदा-पंधरा हजार पौंड खर्च झाले, असं त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी पुढे लिहून ठेवलंय. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. मार्गारेट स्वतः विज्ञानावर पुस्तकं लिहायच्या. १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत शास्त्रज्ञांचे प्रयोग बघायला गेलेल्या त्या पहिल्या स्त्री.

राजाच्या त्या भेटीनंतर काही वर्षांनी इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं, राजाची बाजू हरली आणि कॅव्हेंडिशना देश सोडावा लागला. अँटवर्प शहरात, प्रसिद्ध चित्रकार रूबेन्स यांच्या घरात ते भाड्याने राहिले. पैशाची तंगी होती, तरी घोडे सुटले नाहीत. तिथेच १६५८ मध्ये त्यांचं घोड्यांना शिकवण्याबद्दलचं मोठं चित्रमय पुस्तक निघालं. एका चित्रात कॅव्हेंडिश आकाशात घोड्यावर स्वार आहेत आणि खाली रिंगण करून घोडे त्यांना गुडघे टेकून नमस्कार करताहेत!

फ्रान्सचे थोर तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४६ मध्ये याच कॅव्हेंडिशना एक पत्र लिहिलं. प्राणी विचार करत नाहीत, घड्याळ जसं यंत्राच्या जोरावर बिनचूक वेळ दाखवतं तसं प्राण्यांचं वागणं असतं, असं त्यांनी त्यात मांडलं. कॅव्हेंडिशना हे पटणारं नव्हतं. घोड्याला आठवण असते, समज असते, आणि त्याच जोरावर तो शिकतो, असं त्यांचं म्हणणं. एकाने पुस्तकांत डोकं घालून विचार केला होता, दुसऱ्याने रोज घोड्याच्या पाठीवर बसून. आजचे प्राणिशास्त्रज्ञ सांगतात, की घोडे माणसांचे चेहरे ओळखतात आणि शिकलेलं बराच काळ लक्षात ठेवतात. मी कॅव्हेंडिशच्या बाजूची आहे.

याच घराण्याचा वेलबेक नावाचा वाडा पुढे पोर्टलंडच्या ड्यूकांकडे आला. त्यांच्यातले पाचवे ड्यूक फार एकलकोंडे होते, कुणी आपल्याला बघू नये असं त्यांना वाटे. त्यांनी जमिनीखाली बग्गी जाईल एवढे बोगदे खोदले, जमिनीखालीच भलंमोठं दालन बांधलं, कामगारांसाठी चाकांच्या बुटांवर घसरायला मैदान केलं. आणि घोड्यांसाठी सुमारे १२० मीटर लांबीचं स्वारीचं दालन उभारलं. त्यात गॅसचे चार हजारांच्या आसपास दिवे होते. तेव्हा जगात याहून मोठं दालन फक्त मॉस्कोत आहे, असं सांगत. हे ड्यूक १८७९ मध्ये वारले.

कुत्र्यांचीही चैन बघा. ससेक्स परगण्यात गुडवूडच्या वाड्यात १७८७ मध्ये जेम्स वायट या वास्तुरचनाकाराने शिकारी कुत्र्यांसाठी घर बांधलं. त्यात ऊब पोचवायची व्यवस्था होती. खुद्द वाड्यात तशी सोय व्हायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली! याच गुडवूडच्या दुसऱ्या ड्यूकनी १७२७ मध्ये क्रिकेटच्या सामन्यासाठी नियम लिहून काढले. क्रिकेटचे लिहून ठेवलेले नियम म्हणून आज माहीत असलेले हे सगळ्यात जुने. तेव्हा एका संघात बारा खेळाडू होते.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या मुलांनो, कान टवकारा. ग्लॉस्टरशायरमध्ये ब्यूफर्टच्या ड्यूकांचा एक वाडा आहे, त्याचं नाव बॅडमिंटन. हो, तेच! एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी मधे जाळी बांधून पिसाच्या फुलाने खेळायचे. त्या खेळाला ‘पूना’ असंच म्हणत. तो खेळ इंग्लंडला गेला आणि त्या वाड्याच्या नावाने जगभर पसरला. १९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक झालं. तिथल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा पाहून दहाव्या ड्यूकनी ठरवलं, की सरावासाठी आपली जमीन द्यायची. १९४९ पासून बॅडमिंटनच्या मैदानात घोड्यांची मोठी स्पर्धा भरू लागली. म्हणजे त्या एका वाड्याचं नाव घोडेवाले वेगळ्या कारणाने घेतात आणि रॅकेटवाले वेगळ्या.

शेवटी एक पागा दाखवते. ती खेड्यातल्या उमरावाची नव्हे, तर ब्रायटनला समुद्रकाठी राहणाऱ्या इंग्लंडच्या युवराजाची. १८०३ ते १८०८ या काळात विल्यम पॉर्डन यांनी ती हिंदुस्थानी धाटणीत बांधली. वर प्रचंड गोल घुमट, सुमारे २४ मीटर रुंद, काचांतून उजेड येणारा. खाली गोलाकार मांडणीत घोड्यांच्या खोल्या. शेजारी स्वारीचं मोठं दालन. घोडे युवराजापेक्षा थाटात राहतात, असं लोक म्हणायचे.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१४ च्या अखेरीस तिथे रुग्णालय उघडलं. घुमटाखाली, जिथे एके काळी घोडे बांधले जात, तिथे खाटांच्या रांगा लागल्या. स्वारीच्या दालनातही खाटा. ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे जेवण मिळावं म्हणून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं केली. घराची आठवण काढत पडलेल्या त्या शिपायांना वर मान केली की घुमट दिसायचा. त्यांच्यापैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन शेजारच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली. ती आजही आहे. घुमटाखाली आता गाण्याच्या मैफली होतात.

मोटारी आल्या आणि या पागा रिकाम्या झाल्या. कुठे गाड्या उभ्या राहू लागल्या, कुठे उपाहारगृह निघालं. चॅट्सवर्थच्या पागेत आज लोक चहा पितात. बोल्सोव्हरच्या दालनात मात्र अलीकडच्या काळातही पाहुण्यांसाठी घोड्यांचे खेळ झाले आहेत.

आता तुमचं काम. आपल्याकडेही किल्ल्यांवर पागांच्या जागा आहेत, जुन्या वाड्यांच्या अंगणात घोडे बांधायची कडी अजून भिंतीत दिसतात. पुढच्या सहलीला गेलात की अशी जागा शोधा. वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, उतार कुठल्या दिशेला आहे, कडं जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजून बघा. त्याचं चित्र काढा आणि आमच्याकडे पाठवा. चांगली चित्रं आपण छापू.